परप्रांतीय मुलाचा शालेय छळ आणि त्याचे मनःस्वास्थ्य : इतवारीच्या संदर्भात एक विवेचन

नागपूरच्या जुन्या वस्तीतील इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शनिवारी ही नावे आठवड्याच्या बाजारांवरून पडलेली आहेत. पुण्याच्या पेठेला रविवार हे नाव चालते. नागपूरच्या पेठेला इतवार हे हिंदी नाव चिकटले, आणि मराठी माणसाला ते कधी परके वाटले नाही. भाषांची ही सरमिसळ या शहराच्या घडणीतच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि १९५० मध्ये त्याचे मध्य प्रदेश हे राज्य झाले. या सर्व स्थित्यंतरांत कारभाराचे ठाणे नागपूरच राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ तत्कालीन द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. २००० साली त्याच तारखेला छत्तीसगडचे स्वतंत्र राज्य झाले. तात्पर्य, राजनांदगाव किंवा दुर्गकडून इतवारीत येणारे कुटुंब आज ‘परप्रांतीय’ म्हणवले जात असले तरी सुमारे दोन शतके त्याची आणि नागपूरची राजधानी एकच होती.

श्रमिकांचे हे येणे नवे नाही. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने हा प्रवास सुलभ केला; १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्य प्रांतातील कितीतरी कुटुंबांना गाव सोडावयास लावले. १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, तरी किराणा व धान्याचा व्यापार, हमाली, हातगाडी आणि बांधकाम यांवर पोट भरण्यासाठी माणसे येतच आहेत. त्यांच्यासमवेत मुलेही येतात आणि जवळच्या शाळेत दाखल होतात. अशा मुलाला वर्गात सोसावा लागणारा छळ त्याच्या मनावर कोणत्या मार्गाने परिणाम करतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

छळ म्हणजे काय?

मुलांची भांडणे सर्वत्र होतात. प्रत्येक भांडणास छळ म्हणता येणार नाही. नॉर्वेत दीर्घकाळ संशोधन केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ऑल्व्हेउस यांनी छळाची तीन लक्षणे सांगितली : कृती हेतुपुरस्सर असते, ती पुनःपुन्हा घडते आणि दोन्ही पक्षांचे बळ विषम असते. मारहाण हे तिचे एक रूप झाले. टोपणनाव पाडणे, नक्कल करणे, खेळात न घेणे, डबा खाताना बाजूला बसविणे ही रूपे अधिक नित्याची असून ती शिक्षकाच्या दृष्टीस सहसा पडत नाहीत.

या विषयाच्या अभ्यासाचा उगमही लक्षणीय आहे. १९६९ मध्ये स्वीडनमधील वैद्य पेटर-पाउल हाइनेमान यांनी शाळकरी मुलांच्या जमावाने एकट्या मुलावर तुटून पडण्याकडे प्रथम लक्ष वेधले. त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा कृष्णवर्णी होता आणि त्याला सोसावा लागलेला त्रास या लेखनामागे होता. म्हणजे ‘आपल्यातला नव्हे’ असे ठरविलेल्या मुलाची व्यथा या अभ्यासाच्या मुळाशीच आहे. पुढे ही समस्या किती व्यापक आहे हे दिसून आले. युनेस्कोच्या २०१९ मधील अहवालानुसार जगातील जवळजवळ एक-तृतीयांश विद्यार्थ्यांना मागील महिन्याभरात एकदा तरी छळ सोसावा लागला होता. शरीराच्या ठेवणीखालोखाल वंश, राष्ट्रीयत्व किंवा वर्ण ही त्याची कारणे विद्यार्थ्यांनी सांगितली.

भाषा हे निमित्त

छत्तीसगडातून आलेल्या मुलाचा वर्ण अथवा वेश त्याला वर्गात फारसा वेगळा पाडत नाही. लिपीही परकी नसते, कारण हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीतच लिहिल्या जातात. त्याला वेगळे पाडते ते त्याचे बोलणे. छत्तीसगढीत ‘ळ’ हा उच्चार नाही. म्हणून ‘शाळा’ची ‘शाला’ आणि ‘वेळ’ची ‘वेल’ होते. छत्तीसगढीत क्रियापदाचे रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे नवखा मुलगा ‘मी आली’ असे म्हणून जातो, आणि व्याकरणाची ही साधी चूक वर्गाला पुरुषत्वाची थट्टा करण्यास पुरते. छत्तीसगढीत ‘माझे नाव’ या अर्थी ‘मोर नाव’ म्हणतात. मराठी कानांना त्यातून पक्षी ऐकू येतो, आणि पहिल्याच दिवशी ओळख करून देणाऱ्या मुलास ‘मोर’ हे नाव कायमचे चिकटण्यास एवढे निमित्त पुरे होते.

यांतील एकही गोष्ट गंभीर वाटत नाही, आणि हाच खरा धोका आहे. मार लागला तर वळ दिसतो. हशाचा वळ दिसत नाही. शिवाय हा हशा ज्यावर उठतो ते मुलाचे कृत्य नसून त्याच्या आईची बोली असते. कृत्य टाळता येते, बोली टाळावयाची तर बोलणेच टाळावे लागते. म्हणून मूल गप्प होते.

मौनाचा अर्थ

या मौनाचे पुढे काय होते, हे नीट पाहिले पाहिजे. नवी भाषा ऐकून आत्मसात करीत असताना काही काळ न बोलणे स्वाभाविक आहे. तो विकार नव्हे. परंतु उपहासाच्या भीतीने धरलेले मौन निराळे. पहिल्या मौनात मूल ऐकत आणि शिकत असते. दुसऱ्यात त्याचे लक्ष धोक्याकडे लागलेले असते : आता आपल्याला उभे करतील काय, मागच्या बाकावरून कोण हसेल? चिंतेने व्यापलेल्या मनात गणिताचे हातचे अथवा धड्यातील वाक्य धरून ठेवण्यास जागा उरत नाही. मूल खरोखरच मागे पडू लागते. शिक्षकास मात्र मागे पडणे तेवढे दिसते, त्याचे कारण दिसत नाही, आणि ‘मंद’ हा शिक्का बसतो.

येथे कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांचा निष्कर्ष उपयुक्त आहे. दैनंदिन संभाषणापुरती दुसरी भाषा मुलास साधारणतः दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची भाषा समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास पाच ते सात वर्षे लागतात. म्हणून मैदानावर मराठी बोलणारे मूल परीक्षेत अडखळले तर त्यात बुद्धीचा दोष शोधणे अयोग्य ठरते.

दुसरी इजा अधिक खोल आहे. अमेरिकेतील सँड्रा ग्रॅहम व याना युव्होनेन यांनी १९९८ मध्ये दाखविले की, ‘हे माझ्या स्वभावामुळे, मी असाच आहे म्हणून घडते’ असे मानणाऱ्या पीडित मुलांत एकटेपणा व चिंता अधिक आढळते. परप्रांतीय मुलाच्या बाबतीत हा समज सहज रुजतो. कारण छळ करणारे त्याच्या प्रांताचे नावच शिवीसारखे उच्चारीत असतात. या समजाची पुढची पायरी घरी दिसते : मूल आईशी चारचौघांत आपल्या बोलीत बोलण्यास लाजू लागते. शाळेत भाषा मिळालेली नसते आणि घरची हातची सुटते.

मनाची ही पीडा पुष्कळदा शरीराद्वारे बोलते. शाळेच्या वेळी पोट दुखणे, डोके दुखणे, झोप मोडणे, लहान मुलांत अंथरूण ओले होणे, अकारण चिडणे ही लक्षणे सुटीच्या दिवशी नाहीशी होत असतील तर कारण शाळेत शोधावे. हे परिणाम बालपणाबरोबर संपतात असेही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ साली जन्मलेल्या मुलांपैकी ७,७७१ जणांच्या माहितीवरून २०१४ मध्ये असे दिसून आले की, सातव्या व अकराव्या वर्षी वारंवार छळ सोसलेल्यांत पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य व चिंताविकार यांचे प्रमाण अधिक होते. कुटुंबाची आर्थिक स्थिती व बालपणीची बुद्धिमत्ता हिशेबात घेतल्यावरही हा फरक टिकून राहिला. अर्थात हा संभाव्यतेचा नियम आहे, प्रत्येक मुलाचे भविष्य नव्हे. प्रेमळ घर किंवा एखादा जिवलग मित्र पुष्कळांना सावरतो.

परंतु स्थलांतरित मुलास या सावरण्याच्या संधी कमी असतात. पहाटे कामावर जाणारे वडील शाळेत तक्रार घेऊन जाऊ शकत नाहीत, आणि गेले तर त्यांच्याही बोलीला हसतील ही भीती मुलासच वाटते. काम संपले की कुटुंब हलते. नव्या शाळेत छळ पुन्हा आरंभापासून सुरू होतो आणि कोणत्याही एका शाळेस त्याची सलग नोंद दिसत नाही. शेवटी मूल ‘शाळा नको’ म्हणते. हातभार लावणारा एक हात मिळाला म्हणून गरीब घर ते मान्य करते, आणि दप्तरी त्याचे कारण ‘स्थलांतर’ असे लागते.

उपाय वर्गात

मुलाची बोली सुधारणे हा या प्रश्नाचा उपाय नव्हे. वर्गाचे वर्तन सुधारणे हा होय. १९८३ मध्ये नॉर्वेत देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गेन येथील सुमारे २,५०० विद्यार्थ्यांत दोन वर्षांत छळाच्या तक्रारी निम्म्याच्या आसपास घटल्या. इतरत्र इतके यश आले नाही. २०११ मधील एका व्यापक आढाव्यात सरासरी घट सुमारे २० टक्के आढळली. तीही उपेक्षणीय नाही. फिनलंडमधील क्रिस्टीना साल्मिव्हाली यांनी १९९६ मध्ये दाखविले की, छळात पाहणाऱ्यांचाही वाटा असतो : कोणी साथ देतो, कोणी हसून उत्तेजन देतो, कोणी दूर राहतो, कोणी पाठीशी उभा राहतो. हसणारे थांबले की छळ करणाऱ्याची बैठक मोडते. लॉस एंजेलिसमधील ९९ वर्गांच्या २००६ मधील अभ्यासात असेही आढळले की, ज्या वर्गात अनेक गटांची मुले मिसळलेली असतात तेथे मुलांना अधिक सुरक्षित व कमी एकाकी वाटते. इतवारीसारख्या बहुभाषी वस्तीला या निष्कर्षाचे मोल विशेष आहे.

शिक्षकास करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. पहिले काही आठवडे नव्या मुलास एकट्याने मोठ्याने वाचावयास लावू नये. त्याच्याशेजारी एक समजूतदार सोबती बसवावा. टोपणनाव पहिल्याच दिवशी बंद करावे. ‘मोर नाव’ म्हणजे काय हे वर्गाला त्या मुलाकडूनच शिकवून घ्यावे. ज्याला हसण्यासाठी उभे केले जात होते तो अशा वेळी शिकविण्यासाठी उभा राहतो.

कायद्याचा आधारही आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण आणि भय, आघात व चिंता यांपासून मुक्तता ही अभ्यासक्रमाची तत्त्वे म्हणून नमूद आहेत. वर्षाच्या मध्यास आलेल्या मुलासही प्रवेश नाकारता येत नाही. लक्षणे टिकून राहिल्यास मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आणि बालकांसाठीची मदतसेवा १०९८ वर विनामूल्य मिळते.

तथापि कायदा वर्गाच्या दारापर्यंत येतो. मागच्या बाकावरील हशापर्यंत शिक्षकच पोहोचू शकतो. इतवारीच्या बाजारात छत्तीसगढी, हिंदी व मराठी या बोलींत रोज व्यवहार होतो आणि कोणाच्या उच्चारामुळे सौदा मोडत नाही. बाजाराला जे साधले ते त्याच वस्तीतील शाळेस साधले, तर गप्प बसलेले मूल मंद नव्हते, ते केवळ भ्यालेले होते, हे कळण्यास उशीर होणार नाही.