रोगमुक्तांची परीक्षा

करोनाच्या साथींत, इ. स. २०२० सालीं, अनेक कुटुंबांस एक कोडें पडलें. ताप गेला, खोकला थांबला, तरी प्रयोगशाळेचा अहवाल ‘विषाणु आढळला’ असाच! मग बरें झालेलें माणूसहि ताटवाटी वेगळी करून कोपऱ्यांतच राही. ह्यांतील मर्म वाचकांनीं ध्यानीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे.

आर. टी. पी. सी. आर. ही परीक्षा विषाणूच्या आर. एन. ए. चे अंश शोधते. तो विषाणु जिवंत कीं मृत, हें तिला सांगतां येत नाहीं. चुलींत राख दिसली म्हणजे विस्तव असतोच असें नव्हे. दक्षिण कोरियांत त्याच वर्षीं, बरे होऊन पुनः बाधित ठरलेल्या १०८ जणांच्या नमुन्यांतून विषाणु वाढविण्याचा यत्न झाला. एकाहि नमुन्यांत तो वाढला नाहीं. भारत सरकारनेंहि मे २०२० मध्यें, सौम्य रोग्यांस लक्षणें दिसल्यापासून १० दिवस लोटल्यावर व ३ दिवस ताप नसल्यास पुनर्परीक्षेवांचून घरीं सोडावें, असा नियम केला.

ज्यांची प्रतिकारशक्ति क्षीण, त्यांच्यांत मात्र जिवंत विषाणु दीर्घकाळ राहूं शकतो. तेथें डॉक्टरांचाच निर्णय मानावा. इतरांच्या बाबतींत, नेमलेले दिवस भरल्यावरहि कागदावरील एका शब्दासाठीं आपल्याच माणसास वाळींत टाकणें ही सावधगिरी नव्हे, निष्ठुरता होय.