गल्ल्यातली चिठ्ठी

मिरजेत आमचं औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं मी काउंटरवर उभी राहते. चिठ्ठी वाचायची, फळीवरून पाकीट काढायचं, दहा हव्यात की पंधरा ते विचारून कात्रीनं कापून द्यायचं. मनाच्या आजाराची चिठ्ठी असली की माणूस आवाज खाली आणतो. ‘ताई, याची सवय नाही ना लागत?’ माझ्यावर वेळ आली तेव्हा एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीची चिठ्ठी मी तीन आठवडे गल्ल्यातच ठेवून दिली. औषध माझ्या पाठीमागच्याच फळीवर होतं.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. दुःख असणारच, पण हे वेगळं होतं. पहाटे तीनला जाग यायची, दिवस उगवूच नये असं वाटायचं. वजन सहा किलो उतरलं. एकदा कणीक मळायला बसले आणि हात परातीत तसेच राहिले. किती वेळ, मला सांगता येणार नाही. मुलगी शाळेतून आली तेव्हा पीठ बोटांवर वाळलं होतं. तिनं माझे हात धुतले.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घेतलं, कारण त्यांच्या बिघाडानंही माणूस असा खचतो. मग विचारलं, याच्या उलट कधी झालं होतं का? झोपेची गरजच वाटत नाही, पैसे उधळावेसे वाटतात, डोकं नुसतं धावतंय? तसं असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळीनं उन्माद उसळू शकतो.

सासूबाई म्हणाल्या, नामस्मरण कर. भाऊ म्हणाला, जन्मभर गोळ्यांवर काढणार का? मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले आणि भावाचाच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, ‘त्रास सौम्य असता तर मी समुपदेशनानं, रोजच्या चालण्यानं सुरुवात केली असती. पण तुम्हाला स्वयंपाक होत नाही, हिशेब लागत नाही. समुपदेशनाला बसायचं तरी अंगात थोडं बळ हवं.’ मुदतही त्यांनी सांगितली. दोन आठवड्यांनी भेट. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही. पुरेशा डोसनं सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर औषध बदलायचं. बरं वाटू लागल्यावर निदान सहा महिने चालू ठेवायचं, मग हळूहळू कमी करायचं. जन्मभराचा शब्द कुणी मागतच नव्हतं.

सवयीबद्दल दुकानात मी जे सांगते तेच इथे सांगते. अल्प्राझोलामसारखी गोळी तासाभरात शांत करते आणि तिचीच सवय लागते. तिच्या विक्रीची नोंद आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये करून तीन वर्षं जपावी लागते. एस्सिटॅलोप्रॅमची तशी तलफ येत नाही. पण एकदम बंद केली तर चक्कर येते, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, चिडचिड होते. दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून परस्पर थांबवणारे किती तरी जण मी पाहिलेत, आणि त्यातले बरेच पुन्हा आजारी पडून आलेले. पंचविशीच्या आतल्या मुलांच्या घरच्यांना मी आणखी एक सांगते: सुरुवातीच्या आठवड्यांत काही जणांना जीव द्यायचे विचार वाढू शकतात, तेव्हा लक्ष ठेवा, लगेच डॉक्टरांना कळवा. रात्री-अपरात्री बोलायला १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे.

शेवटी गोळी सुरू केली. पहिले आठ-दहा दिवस मला मळमळ होती, तोंड कोरडं पडायचं, जीव जास्तच अस्वस्थ. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी वहीत तीनच गोष्टी लिहीत होते: झोप, जेवण, गल्ला. पाचव्या आठवड्यात एका रात्री गल्ला पहिल्याच मोजणीत जुळला. मी तो पुन्हा मोजला नाही. शटर ओढलं, घरी गेले आणि मुलीला विचारलं, पोळ्या लाटू का?