शाळेची घंटा आणि दातांची निगा

बेंगळूरु शहरात मल्लेश्वरम नावाची एक जुनी वसाहत आहे. तेथील काडु मल्लेश्वराच्या देवळाचा मराठी इतिहासाशी संबंध आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवस्थानास गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख तेथे आहे. वसाहतीला नाव मिळाले ते या देवळावरून. ती जन्मास आली मात्र प्लेगमुळे. १८९८ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरुत प्लेगचा शिरकाव झाला. जुन्या पेठांतील दाटीवाटीची, कोंदट घरे रोगाला अनुकूल ठरली. तेव्हा मोकळ्या जागी रुंद रस्ते आखून, घरांच्या मागे सफाईसाठी गल्ल्या ठेवून मल्लेश्वरम आणि बसवनगुडी ही उपनगरे वसवण्यात आली. साथीच्या रोगाने माणसांची राहणी बदलते, ती अशी.

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ ची साथ पसरली, तेव्हाही राहणी बदलली. पण हा बदल रस्त्यावर न दिसता घरांच्या आत घडला. शाळा बंद झाल्या. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरले ते २५ ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ मल्लेश्वरममधील लहान मुलांची सकाळ शाळेच्या घंटेवाचून गेली.

या घंटेचा दातांशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. सात वर्षांचे मूल दात घासते ते दात किडतील या भीतीने नव्हे. शाळेची गाडी दाराशी येणार असते, आई हाक मारत असते, म्हणून घासते. सवय अशी दुसऱ्या एखाद्या कामाच्या खुंटीला टांगलेली असते. खुंटी निघाली की सवयही गळून पडते. टाळेबंदीत उठण्याची वेळ पुढे सरकली, अनेक मुले अंथरुणातून उठून थेट मोबाइलवरील वर्गात बसू लागली आणि दात घासणे ‘नंतर’वर गेले. सर्वच घरांत असे घडले असे नाही. काही ठिकाणी आईवडील घरीच असल्याने मुलांकडे अधिक लक्षही दिले गेले. हात वीस सेकंद धुण्याचा धडा तर मुलामुलांना पाठ झाला होता. तोंड मात्र मुखपट्टीआड राहिले.

रात्रीची गोष्ट याहून कठीण आहे. मल्लेश्वरममधील एका प्रमुख रस्त्याचे नाव मार्गोसा रोड असे आहे. मार्गोसा म्हणजे कडुनिंब. कडुनिंबाची काडी, राखुंडी, मंजन ही सारी आपल्याकडची साधने सकाळची. चहा किंवा न्याहारीपूर्वी तोंड धुतले पाहिजे, हा दंडक घरोघरी आहे; झोपण्यापूर्वी दात घासण्यामागे परंपरेचे तेवढे बळ नाही. वास्तविक रात्रीचे घासणेच अधिक महत्त्वाचे आहे, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते.

लाळेचे काम काय, हे येथे पाहिले पाहिजे. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचतो. खाण्यातील साखर मिळताच हे जिवाणू आम्ल तयार करतात आणि दाताच्या कठीण आवरणातील, म्हणजे दंतवल्कातील, खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते व खनिजे काही अंशी परत मिळवून देते. त्यासाठी तिला अर्धा-पाऊण तास लागतो. घरात कोंडलेले मूल दर तासाला बिस्किट वा चॉकलेट मागू लागले, तर लाळेला ही सवड मिळत नाही. किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले, हे येथे अधिक घातक ठरते.

त्यातच दंतवैद्यांचे दवाखानेही मर्यादित चालले. दात कोरण्याच्या यंत्रातून पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार उडतात आणि त्यांतून विषाणू पसरण्याची भीती होती. म्हणून तातडीचे नसलेले उपचार पुढे ढकलण्यात आले. लहानशी कीड वेळीच भरली गेली नाही, तर ती खोल जाते.

दुधाचे दात पडणारच, अशी समजूत करून घेता येते. परंतु सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून ती अनेकदा दुधाचीच समजली जाते. नव्या दाढेचे आवरण अद्याप पुरते पक्के झालेले नसते, तिच्यावरील खाचांत अन्न अडकते आणि मुलाचा ब्रश तिथवर पोहोचत नाही. २०२० मध्ये सहा वर्षांच्या असलेल्या मुलांची ही दाढ नेमकी याच बंद महिन्यांत उगवली.

सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्यांनी स्वतः घासावेत किंवा घासून झाल्यावर तपासावेत, असे दंतवैद्य सांगतात. दिवसातून दोनदा, सुमारे दोन मिनिटे. फ्लोराइडयुक्त पेस्ट तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. शाळेच्या घंटेवर अवलंबून न राहता रात्रीच्या गोष्टीआधी ब्रश, अशी नवी खुंटी घरातच ठोकता येते.

त्या वेळची सहा वर्षांची मुले आता वरच्या वर्गांत गेली आहेत. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्या दाढेमागे दुसरी कायमची दाढ येते. तीही कोणताच दात न पडता, गुपचूप येते.