गुडघा दुखतो, व्याधी वंक्षणात

बारा-तेरा वर्षांचा, बहुधा स्थूल मुलगा गुडघा दुखतो म्हणून येतो. लंगडतो, पण गुडघ्यास सूज नसते. अशा वेळी संधिवात समजून महानारायण तेल व योगराज गुग्गुळ देण्याचा मोह होतो. प्रथम वंक्षणसंधी तपासावा. त्याची वेदना एकाच मज्जातंतूमुळे गुडघ्यात जाणवते. रुग्णास उताणे निजवून मांडी हळुवार पोटाकडे वाकवावी. ती आपोआप बाहेर वळत असेल व आत वळत नसेल, तर ऊर्वस्थीचे शिर वृद्धिपट्टावरून सरकल्याची शंका घ्यावी. सुश्रुतोक्त खंजाचे लक्षण येथे दिसते खरे. परंतु संप्राप्ती निराळी आहे, आणि मर्दन-स्वेदनाने शिर जागी येत नाही. मूल चालत राहिल्यास ते अचानक अधिक घसरून रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून पाय टेकू न देता त्याच दिवशी अस्थिशल्यतज्ज्ञाकडे पाठवावे व दोन्ही वंक्षणांची क्ष-किरण चित्रे समोरून व बाजूने घ्यावीत. स्क्रूने शिर स्थिर करतात.

चार ते आठ वर्षांच्या लंगडणाऱ्या मुलात १९१० साली वर्णिलेला पर्थेस व्याधी आठवावा. आपल्या मेळघाटातील मुलांत मात्र सिकल सेलची तपासणी आधी हवी. त्यातही ऊर्वस्थीचे शिर रक्ताअभावी मृत होते. सोबत ज्वर असून मूल पाय टेकूच देत नसेल, तर संधीत पू झाल्याची शंका; तेथे तासांचाही विलंब नको.

औषधी विक्रेत्या बंधूंनीही लंगडणाऱ्या मुलासाठी कोणी तेल मागितल्यास आधी त्याचे वय विचारावे.