रांगेतला राजा : डच संग्रहातील शिवछत्रपती

ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये गोवळकोंड्याच्या चित्रकारांनी काढलेल्या ४९ लघुचित्रांचा एक संग्रह आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो त्या शहराचा महापौर निकोलास विटसेन याच्याकडे होता. मोगल बादशहा आणि दख्खनचे सुलतान यांच्या जोडीला त्यात शिवाजी महाराजही आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही याच घडणीचे एक चित्र आहे. निमुळती दाढी, बाजूने दिसणारा चेहरा, पागोट्यावर तुरा. या चित्रांपुढे आपण पहिला प्रश्न विचारतो तो चेहरा हुबेहूब आहे का, हा. माझ्या मते इतिहासाला अधिक उपयोगी साक्ष चेहऱ्याची नाही, तुऱ्याची आणि शेजाऱ्यांची आहे.

मोगल दरबारात जिगा, सरपेच ही पागोट्यावरची भूषणे हौसेने मिरवायची नव्हती. खिलतीप्रमाणेच, म्हणजे मानाच्या पोशाखाप्रमाणेच, ती बादशहाच्या हातून मिळत आणि घेणाऱ्याची पायरी ठरवून देत. मे १६६६ मध्ये आग्र्याला महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभे केले गेले आणि त्यांनी भर दरबारात संताप व्यक्त केला, त्याचे कारण हेच होते. कोण कोणाशेजारी उभा राहतो, यावर तिथे माणसाची किंमत ठरत होती. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि १६७७ मध्ये महाराज भागानगरला (हैदराबादला) गेले, ते गोवळकोंड्याच्या कुतुबशहाला भेटणारे छत्रपती म्हणून. १६८७ मध्ये गोवळकोंडा औरंगजेबाच्या हाती पडला. त्याच्या आगेमागे तिथल्या चित्रकारांनी परदेशी गिऱ्हाइकांसाठी जे संच रंगवले, त्यांत महाराजांच्या डोक्यावरचा तुरा कोणा धन्याने दिलेला दिसत नाही. तो देणारा कोणीच चित्रात नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की ही साचेबंद बाजारू चित्रे आहेत. तोच तुरा, तेच मोती चित्रकार कोणालाही चढवत असे. ते खरेच आहे, आणि म्हणूनच या चित्रांवरून महाराजांच्या जामदारखान्याची यादी करता येणार नाही. पण साचा कोणासाठी वापरायचा, हे चित्रकार ठरवतो तेव्हा तो गिऱ्हाइकाची समजूतही नोंदवत असतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : या संचांत वजीर आणि सरदारही आहेत, मग नुसत्या समावेशाने राजेपण कसे सिद्ध होणार? एकट्या समावेशाने ते होत नाही, हे मान्य. मात्र वजिराच्या मागे त्याचा सुलतान उभा असतो. महाराजांच्या मागे तसा कोणी नाही.

डचांना ही चित्रे केवळ नवलाईपोटी हवी होती, असेही म्हणता येईल. डच चित्रकार रेम्ब्राँने १६५६ ते १६६१च्या सुमारास मोगल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. त्याला पोशाख आणि ढब यांचे आकर्षण होते, हे त्यांत दिसते. परंतु डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार वेंगुर्ल्याला होती, मच्छलीपट्टणला होती. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांवर तिची नजर होती. कोणत्या मुलखात कोणाचा शब्द चालतो, हे तिच्या माणसांना कळणे धंद्याची गरज होती. डच ग्रंथकार फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनने १७२४ ते १७२६ दरम्यान छापलेल्या पूर्वेकडील देशांवरच्या ग्रंथात महाराजांचे कोरीव चित्र आले, तेही याच ओळखीपोटी. आग्र्याच्या दरबाराने जी जागा नाकारली, ती हिशेबी व्यापाऱ्यांच्या संग्रहात मिळाली. भक्तीचा किंवा वैराचा रंग नसल्यामुळे ही साक्ष मोलाची ठरते.