पाट्या अनेक, गोदाम एकच

२३ मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ या सर्च इंजिनाची यंत्रणा काही तास कोलमडली. बिंग वापरणाऱ्यांची अडचण झाली, त्यात आश्चर्य नव्हते. पण त्याच वेळी ‘डकडकगो’वर शोधणाऱ्यांसमोरही रिकामा पडदा आला. झाडे लावणारे सर्च इंजिन म्हणून ओळखले जाणारे जर्मनीचे ‘इकोसिया’ अडले आणि ‘चॅटजीपीटी’ची इंटरनेटवर शोध घेण्याची सोयही बंद पडली. यांतल्या अनेक सेवा लोकांनी ‘मोठ्या कंपन्यांना पर्याय’ म्हणून निवडल्या होत्या. प्रत्यक्षात पाट्या वेगळ्या असल्या, तरी माल एकाच गोदामातून येत होता आणि गोदामाला कुलूप लागताच सगळी दुकाने एकदम बंद झाली. माहिती शोधण्याच्या पर्यायी साधनांबद्दल बोलताना चर्चा बहुधा खासगीपणा, जाहिराती आणि दिसायला सुटसुटीत पान यांवरच थांबते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. मात्र पर्याय खरा की नावापुरता, हे ठरते ते त्या साधनाची सूची कोणाची आहे यावर.

सूची म्हणजे काय, हे समजण्यासाठी शोधाचे तीन टप्पे पाहावे लागतात. पहिल्या टप्प्यात ‘क्रॉलर’ नावाचे प्रोग्रॅम एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात इंटरनेटवरची पाने गोळा करतात. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांची उलटी मांडणी होते. मूळ पानात शब्द एकामागून एक येतात, सूचीत मात्र प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांवर, कुठे आणि किती वेळा आला याची नोंद असते. आपण प्रश्न टाइप करतो तेव्हा यंत्र इंटरनेट धुंडाळत नाही, ते ही तयार नोंदवही चाळते. म्हणूनच क्षणार्धात उत्तर मिळते, आणि म्हणूनच जे पान सूचीत नाही ते शोधणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. तिसरा टप्पा क्रमवारीचा. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना मांडलेली ‘पेजरँक’ पद्धत याच टप्प्यातली. ज्या पानाकडे महत्त्वाची पाने बोट दाखवतात ते महत्त्वाचे, असा तिचा गाभा. क्रमवारीचे सूत्र बुद्धीने सुचते, सूचीला मात्र पैसा लागतो. गूगलच्या सूचीत २०२० च्या सुमारास ४०० अब्ज दस्तऐवज होते, अशी साक्ष अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात झाली. एवढा पसारा गोळा करणे, साठवणे आणि सतत ताजा ठेवणे फार थोड्यांना परवडते.

त्यामुळे या क्षेत्रात नावे भरपूर असली, तरी स्वतःची मोठी सूची असलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. गूगल आणि बिंग, रशियाचे ‘यांडेक्स’, चीनचे ‘बायडू’, २०२३ मध्ये बिंगची मदत पूर्णपणे सोडून स्वतःच्या सूचीवर उभे राहिलेले ‘ब्रेव्ह सर्च’ आणि आकाराने लहान असले तरी २००४ पासून स्वतःचा क्रॉलर चालवणारे ब्रिटनचे ‘मोजीक’. डकडकगोचे नेहमीचे निकाल मुख्यतः बिंगकडून येतात, तर नेदरलँड्सच्या ‘स्टार्टपेज’ने अनेक वर्षे गूगलचे निकाल ओळख पुसून पुरवले. दोन्ही सेवा वापरणाऱ्याचा माग काढत नाहीत, हा फायदा खरा आहे. पण उसनवारीची किंमत कुठेतरी चुकवावी लागते. डकडकगोच्या मोबाइल ब्राउझरने मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरांना करारामुळे मोकळीक दिली होती, हे २०२२ मध्ये उघड झाले. टीका झाल्यावर काही महिन्यांत ती काढून घेण्यात आली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने इतरांना निकाल पुरवण्याचे दर कित्येक पटींनी वाढवले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती खुली सेवाच बंद केली. डकडकगोसारख्या मोठ्या ग्राहकांचे स्वतंत्र करार असल्याने ते तगले. त्या सेवेवर विसंबलेल्या छोट्यांना दुसरी सोय शोधावी लागली.

निकाल चांगले मिळत असतील, तर ते कोणाच्या सूचीतून येतात याची उठाठेव वाचकाने का करावी? कारण एका सूचीचे आणि एका धंद्याचे दोष तिच्यावर विसंबलेल्या सगळ्यांमध्ये उतरतात. जर्मनीतल्या लाइपझिग आणि वायमार इथल्या संशोधकांनी वर्षभर गूगल, बिंग आणि डकडकगोवर ७,३९२ प्रश्न टाकून पाहिले. ‘सर्वांत चांगला हेडफोन’ अशा, वस्तूंची परीक्षणे शोधणाऱ्या धाटणीचे हे प्रश्न. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की, विक्रीवर दलाली मिळवण्यासाठी लिहिलेली परीक्षणे एकूण इंटरनेटवर थोडीच असली, तरी शोधनिकालांत त्यांचीच गर्दी होती. सर्च इंजिनांनी नियम बदलले की ही पाने काही काळ मागे पडत आणि नवी युक्ती शोधून पुन्हा वर येत. सगळे लेखक एकाच क्रमवारीकडे डोळे लावून लिहू लागले की हे होणारच. जाहिरातींवर चालणाऱ्या सर्च इंजिनाचा कल जाहिरातदारांकडे झुकण्याचा धोका पेज आणि ब्रिन यांनी आपल्या १९९८ च्या निबंधातच नोंदवला होता. वेगळी सूची असली की वेगळी निवड शक्य होते. स्वीडनमधल्या एका प्रोग्रॅमरने घरच्या सर्व्हरवर सुरू केलेले ‘मार्जिनेलिया’ हे त्याचे चांगले उदाहरण. ते मजकुराने भरलेल्या साध्या पानांना वर ठेवते आणि जाहिराती व ट्रॅकरांनी लगडलेल्या पानांना मागे सारते. तिथे रेल्वेचे वेळापत्रक मिळणार नाही, पण जुन्या संगणकाबद्दल एखाद्या हौशी माणसाने लिहिलेले, मोठ्या निकालांत कधीच वर न येणारे टिपण सापडू शकते.

यावर पहिला आक्षेप असा, की गूगल मोठे झाले ते उत्तम असल्यामुळे, आणि छोट्या सूचीचे निकाल तोकडेच असणार. यातला दुसरा भाग मान्य करायला हवा. जवळचा दवाखाना, आजची बातमी, रस्त्याची दिशा यांसाठी मोजीक किंवा मार्जिनेलिया कामाचे नाहीत. पहिला भाग मात्र अर्धसत्य आहे. अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलला बेकायदा मक्तेदार ठरवले. फोन आणि ब्राउझरमध्ये आपणच आधीपासून बसवलेले असावे म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात सुमारे २,६३० कोटी डॉलर वाटले, हे त्या खटल्यात पुढे आले. शिवाय लोक कोणत्या निकालावर क्लिक करतात, याच्या नोंदींवर क्रमवारी सुधारत जाते. गूगलकडे १३ महिन्यांत जमणाऱ्या अशा नोंदी मिळवायला बिंगला १७ वर्षांहून अधिक काळ लागेल, असे निकालपत्रात म्हटले आहे. म्हणजे गुणवत्तेमुळे वापर वाढतो हे खरे, तसेच वापरामुळे गुणवत्ता वाढते हेही खरे, आणि तो वापर काही अंशी विकत घेतलेला असतो. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात न्यायालयाने क्रोम ब्राउझर विकायला लावले नाही. मात्र सूचीतली आणि वापराची काही माहिती पात्र स्पर्धकांना द्यायला सांगितली. तोडगा शोधताना न्यायालयाला सूचीपाशीच यावे लागले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शिवाय सगळ्या प्रश्नांसाठी एकच साधन असले पाहिजे, ही अपेक्षाच तपासून पाहायला हवी. विषय ठरलेला असला की लहान पण नीट लावलेली सूची मोठ्या सूचीला मागे टाकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘पबमेड’ हे १९९७ पासून सर्वांना मोफत खुले आहे. त्यात ‘हार्ट अटॅक’ असे टाइप केले, तर ते ज्या निबंधांना ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ हा विषय लावलेला आहे तेही आपोआप शोधते. या विषयसूचीची घडण तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे केली आहे, म्हणून बोलीतला प्रश्न आणि शास्त्रातली संज्ञा यांची गाठ पडते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मद्रासला मांडलेल्या कोलन वर्गीकरणात हाच विचार होता. पुस्तकाला एका कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याचा विषय, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ अशा पैलूंनी त्याची ओळख करून द्यायची. आज ‘ओपनअ‍ॅलेक्स’ संशोधनपर निबंधांचे लेखक, संस्था, विषय आणि संदर्भ एकमेकांना जोडून कोणालाही मोफत देते. बंद पडलेल्या संकेतस्थळांची जुनी रूपे ‘इंटरनेट अर्काइव्ह’च्या ‘वेबॅक मशीन’मध्ये सापडतात. तर जे सापडले ते नीट लावून ठेवायला ‘झोटेरो’सारखे मोफत साधन आहे. लेखाचा दुवा, तारीख आणि लेखकाचे नाव ते स्वतःच नोंदवून घेते, आणि वाचकाची स्वतःची छोटी सूची हळूहळू तयार होते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. प्रश्न विचारला की सलग उत्तर देणारे चॅटबॉट हाताशी असताना सर्च इंजिनांचा वाद कशाला? पण चॅटबॉटला शिकवणीच्या वेळी मिळालेली माहिती एका तारखेला थांबलेली असते. त्यापुढचे सांगायचे तर त्यालाही कुठल्यातरी सूचीत डोकवावे लागते. २३ मे २०२४ च्या बिघाडाने नेमके हेच दाखवून दिले. उलट इथे सूचीचा प्रश्न अधिकच गंभीर होतो. निकालांच्या यादीत निदान दहा दुवे दिसतात, कोण बोलते आहे हे कळते आणि न पटणारे सोडून देता येते. सलग उत्तरात ही निवड वाचकाच्या नजरेआड आधीच झालेली असते. उत्तराखाली स्रोत दिलेले असले तरी ते कोणत्या सूचीतून उचलले, हे बहुधा सांगितले जात नाही. सोय वाढते तसा तपासणीचा मार्ग अरुंद होत जातो.

मराठी वाचकासाठी हा विषय आणखी जवळचा आहे, कारण सूची भाषेप्रमाणे घडवावी लागते. मराठीत नाम क्वचितच मूळ रूपात वावरते. ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसाचा’, ‘पावसामुळे’, ‘पावसात’ असलेली पानेही हवी असतात. नुसते प्रत्यय छाटून ‘पावसा’ उरते, त्यावरून ‘पाऊस’पर्यंत पोचायला यंत्राला मराठीचे सामान्यरूप शिकवावे लागते. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची गंमत याहून वेगळी. त्यातला ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेतले जाते, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. दोन्ही एकच आहेत हे सूची बनवणाऱ्याने सांगितले नसेल, तर एका पद्धतीने विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले परिपत्रक सापडणार नाही. त्यात युनिकोडपूर्व काळातल्या खास फाँटांत अडकलेला मजकूर आणि निव्वळ छायाचित्रे असलेल्या पीडीएफ यांची भर घाला. हे दोष दूर करण्यात जगभर पसरलेल्या मोठ्या कंपनीला रस असेलच असे नाही. सूची खुली असेल, तर मराठी जाणणारा गट किंवा विद्यापीठाचा विभाग हे काम स्वतः करू शकतो. सूची बंद असेल, तर फक्त वाट पाहता येते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. स्वतंत्र सूची बांधणारे टिकत नाहीत. म्युनिकच्या ‘क्लिक्झ’ने स्वतःची सूची उभारली आणि २०२० मध्ये गाशा गुंडाळला. त्या तंत्रज्ञानाच्या पायावरच पुढे ब्रेव्ह सर्च उभे राहिले. गूगलच्या जाहिरात विभागाचे माजी प्रमुख श्रीधर रामस्वामी यांनी सुरू केलेले ‘नीव्हा’ हे जाहिरातमुक्त, वर्गणीवर चालणारे सर्च इंजिन २०२३ मध्ये बंद झाले. सर्च इंजिन बनवण्यापेक्षा लोकांची सवय बदलणे अवघड, असा त्याच्या चालकांचा अनुभव होता. मात्र यावरून स्वतंत्र सूची अनावश्यक आहे असे ठरत नाही. प्रत्येक कंपनीने ती पहिल्यापासून बांधणे परवडत नाही, एवढेच ठरते. मग क्रमवारी आणि सेवा यांत स्पर्धा असावी आणि खालची सूची सामायिक असावी, हा मार्ग उरतो. त्या दिशेने पावले पडू लागली आहेत. ‘कॉमन क्रॉल’ ही ना-नफा संस्था २००७ पासून अब्जावधी पाने गोळा करून कोणालाही देते. सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपातल्या १४ संस्थांनी युरोपीय संघाच्या पैशातून खुली सूची बांधण्याचा प्रकल्प हाती घेतला. इकोसिया आणि फ्रान्सचे ‘क्वांट’ यांनीही नोव्हेंबर २०२४ मध्ये सामायिक सूचीसाठी एकत्र कंपनी जाहीर केली. हे प्रयत्न अजून लहान आहेत आणि गूगलची बरोबरी करणे हा त्यांचा आजचा निकषही नव्हे. आपल्याकडे सरकारी निर्णय, विश्वकोश आणि ग्रंथालयांच्या नोंदी आधीच सार्वजनिक पैशातून तयार होतात. त्या शोधता येण्याजोग्या युनिकोड मजकुरात आणि क्रॉलरांना खुल्या ठेवणे ही मराठी सूचीची पहिली पायरी ठरेल. दरम्यान, नवे पर्यायी साधन समोर आले की वाचकाने दोनच गोष्टी विचाराव्यात: याची सूची कोणाची आणि याचा खर्च कोण भागवतो? या दोन्हींची स्पष्ट उत्तरे देणारी दोन-तीन निराळी साधने प्रश्नाच्या जातीप्रमाणे वापरली, तर एका सूचीत नसलेले पान दुसरीत सापडण्याची शक्यता शिल्लक राहते.