मजकूर जिथे गप्प राहतो
(लेखांक सहावा)

करिंथकरांस पहिल्या पत्रातला प्रीतीचा अध्याय मागच्या आठवड्यात वाचला. आता ती प्रीती एका खऱ्याखुऱ्या वादात कितपत टिकते ते पाहू. बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यावा, की स्वतःच्या तोंडाने विश्वासाची कबुली देणाऱ्यालाच? चंद्रपूर-गडचिरोलीच्या ख्रिस्ती घरांत हा प्रश्न सोयरिकीपर्यंत पोचू शकतो. जुन्या चांद्यात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. तो वारसा आज उत्तर भारताच्या चर्चकडे, म्हणजे सीएनआयकडे आहे. १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांचे काम इथे आहे आणि १९७७ मध्ये त्यांचा चांदा धर्मप्रांत झाला. हे दोघेही बाळांना बाप्तिस्मा देतात. स्वतंत्र मंडळ्या मात्र तो ग्राह्य धरत नाहीत. कबुलीनंतर पाण्यात बुडवून दिलेलाच खरा, असे त्या मानतात. कॅथलिकांच्या पवित्र शास्त्रात ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंटांच्या ६६. पण या वादातली वचने दोघांकडे तीच आहेत.

त्यांतली सर्वांत जास्त ओढाताण होते ती प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायाची. फिलिप्पै शहरात जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया आणि तिच्या घरचे बाप्तिस्मा घेतात. पुढे तुरुंगाचा अधिकारीही घरच्या सगळ्यांसह घेतो. एक पक्ष म्हणतो, घर म्हटले की लेकरे आलीच. दुसरा चौतिसाव्या वचनावर बोट ठेवतो: त्या अधिकाऱ्याच्या घरच्यांना आनंद झाला, म्हणजे ती कळती माणसे होती. हा दुसरा मुद्दा मला अधिक वजनदार वाटतो. पण तो त्या एका घरापुरता. लुदियाच्या घरात कोण होते, कुणाचे वय काय, याबद्दल लूक एक अक्षर लिहीत नाही. वाचक इथे थांबला तर तो शास्त्राशी प्रामाणिक राहतो. थांबला नाही, तर स्वतःचा तर्क वचनाच्या नावाने भावाच्या माथी मारतो. काळजीपूर्वक वाचन आणि प्रीती ही दोन वेगळी कामे आहेत असे मला म्हणूनच वाटत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्या शेजारीच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन सीएनआय स्थापन झाले. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे एकेचाळीस वर्षे. अँग्लिकन बाळांना बाप्तिस्मा देणारे, बॅप्टिस्ट न देणारे. तोडगा असा निघाला की दोन्ही पद्धती मान्य, आणि ज्या पाळकाची सदसद्विवेकबुद्धी बाळाला बाप्तिस्मा द्यायला तयार नसेल त्याच्यावर सक्ती नाही. सगळेच काही आले नाहीत. दक्षिण आशियाचे मेथडिस्ट चर्च ऐन वेळी बाहेर राहिले, आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्याचे कारण मला दिसत नाही.

यावर आक्षेप ठरलेला: ही तर सत्याशी तडजोड! पौलाने वेगळी सुवार्ता सांगणाऱ्याला शापित म्हटले, अंत्युखियात पेत्राला तोंडावर खडसावले; मग आम्ही का गप्प बसावे? दाखला योग्य आहे, पण गलतीकरांच्या पत्राचा तो दुसरा अध्याय पुरता वाचावा. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडून माणसे आली तेव्हा सुंता झालेल्यांच्या भीतीने तो पंगतीतून उठला. पौल भडकला तो या उठण्यावर. सुवार्तेच्या सत्याप्रमाणे चालत नाहीत, हे त्याचे शब्द एका पंक्तिभेदाबद्दल आहेत. (आणि पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे समजावावे लागत नाही.) बाप्तिस्म्याच्या मतभेदावरून प्रभुभोजनाला शेजारी बसायला नकार देणारा हे वचन हाती घेतो, तेव्हा तो पौलाच्या जागी उभा नसतो, पेत्राच्या जागी असतो.

याचा अर्थ कुठल्याच शिकवणीची हद्द नसते असा नाही. मेलेल्यांचे पुनरुत्थान नाहीच असे म्हणणाऱ्यांशी करिंथच्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल तसूभरही नमते घेत नाही, कारण तिथे उठलेल्या ख्रिस्ताला पाहिलेल्या साक्षीदारांची यादीच त्याच्या हातात आहे. मांस खावे की भाजी आणि कोणता दिवस पाळावा, या वादांत मात्र रोमकरांच्या चौदाव्या अध्यायात तो प्रत्येकाला आपापल्या मनाची खात्री करून घ्यायला सांगतो. पुढच्या लेखांकाआधी हे दोन अध्याय सलग, एका बैठकीत वाचून ठेवा.